चुनखडीच्या खडकावरची धायटी



रायपूरहून धमतरीच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की पंचवीस-तीस किलोमीटरवर अभनपूर लागते. जुन्या रायपूर-धमतरी छोट्या रेल्वेवरचे हे जंक्शन. इथून एक फाटा महानदीकाठच्या राजिमला जात असे. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये तलाव आणि बाभळी. डोंगर नाही, कडा नाही. अशा सपाट मुलखात कड्यावरच्या झुडपाची गोष्ट कशाला, असे कोणालाही वाटेल.

त्याचे कारण जमिनीखाली आहे. रायपूरच्या आसपास मातीचा थर फार जाड नाही. खाली आडव्या थरांचा चुनखडीचा खडक पसरलेला आहे. तो फरशीसाठी, खडीसाठी आणि सिमेंटसाठी काढला जातो. दगड काढून झाला की मागे खोल खड्डा आणि उभ्या भिंती उरतात. त्या भिंती म्हणजे या भागातले माणसाने तयार केलेले कडेच. नैसर्गिक कडे पाहायचे असतील तर बस्तरमध्ये जगदलपूरजवळच्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात जावे. तिथली प्रसिद्ध कोटुमसर गुहा चुनखडीतच पाण्याने कोरलेली आहे.

अशा उघड्या दगडावर जी थोडी झुडपे तग धरतात, त्यांतले एक आपल्या ओळखीचे आहे. मराठीत त्याला धायटी किंवा धायती म्हणतात, छत्तीसगडमध्ये धवई, संस्कृतात धातकी. सह्याद्रीत गड चढताना फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटेवर लाल-केशरी फुलांनी गच्च भरलेले झुडूप दिसते, तेच हे. दगडावर ते जगते कसे आणि त्याची आपल्याला गरज काय, हे या लेखात पाहू.

आधी दगड समजून घेऊ

छत्तीसगडच्या मैदानाखालचे हे खडक फार जुने आहेत. शंभर कोटी वर्षे किंवा त्याहून अधिक काळापूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याचा दगड झाला. त्या काळी पृथ्वीवर झाडे नव्हती, मासेही नव्हते. होते ते सूक्ष्म जीव. उथळ पाण्यात त्यांचे थर वाढत आणि त्यांवर गाळ अडकत जाई. रायपूर भागातल्या चुनखडीत काही ठिकाणी कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या वक्र रेषा दिसतात, त्या याच थरांच्या खुणा आहेत. भूवैज्ञानिक त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते आम्लात विरघळते. याचा पुरावा बहुतेकांच्या घरात आहे. स्वयंपाकघरातला काळा कडप्पा आणि अंगणातली शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचेच प्रकार. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो आणि तो घासून जात नाही. तो वर बसलेला डाग नसतो. तिथला दगडच थोडा खाल्ला गेलेला असतो.

पाऊस हेच काम हळूहळू करतो. हवेतला आणि त्याहून अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते. हे पाणी दगडाच्या भेगेत शिरते, भेगेच्या कडा विरघळवते आणि चुना बरोबर घेऊन जाते. रायपूरला वर्षाला साधारण बाराशे ते तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर्षानुवर्षे हे चालले की केसाएवढी भेग बोटाएवढी होते. गुहाही याच क्रियेने तयार होतात. आपल्या झुडपाचा प्रवेश या भेगेतूनच होतो.

चुन्याच्या दगडावर झाडाला काय अडते?

पहिली अडचण पाण्याची. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, भेगाळलेली चुनखडी ते खाली जाऊ देते. पावसाळ्यात भिजलेला कडा ऑक्टोबरात कोरडा पडतो. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघडा दगड हवेपेक्षाही जास्त तापतो.

दुसरी अडचण अन्नाची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सामू या मापाने सांगतात. सात म्हणजे उदासीन. चुनखडीवरच्या मातीचा सामू सातच्या वर, पुष्कळदा आठच्या आसपास असतो. अशा मातीत लोह, जस्त आणि स्फुरद असले तरी ते विरघळलेल्या रूपात फार थोडे राहतात, आणि मुळे विरघळलेलेच घेऊ शकतात. कोठारात धान्य आहे पण कुलूप लागलेले आहे, अशी ही स्थिती. लोह न मिळाल्यास कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. विदर्भातल्या संत्र्याच्या बागायतदारांना चुनखडीच्या जमिनीवरचा हा पिवळेपणा चांगला माहीत आहे.

यावरून वनस्पतींचे तीन गट पडतात. काहींना चुनाच मानवतो, काही चुन्यावर जगतच नाहीत आणि काहींचे दोन्हीकडे भागते. धायटी तिसऱ्या गटातली. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टवर ती वाढते आणि चुनखडीच्या उतारावरही वाढते. तिला दगडाच्या जातीशी फारसे घेणेदेणे नाही. तिला हवे असते भरपूर ऊन, निचऱ्याची जागा आणि मूळ घालायला भेग.

झुडपाची ओळख

शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, कुल लायथ्रेसी. मेंदी याच कुलातली, आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प तामणही याच कुलातले. धायटीची उंची एक ते तीन मीटर असते. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात, त्या लांब होतात आणि बाहेर झुकतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी निमुळती. पान उलटून पाहिले तर खालची बाजू करडी, मखमली लागते आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. फूल नसतानाही ही खूण उपयोगी पडते.

फुले साधारण जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत येतात. या दिवसांत पाने विरळ असतात, म्हणून फुलोरा दुरूनही ठळक दिसतो. प्रत्येक फूल एक-दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली नळी असते. आपण जिला फुलाचा लाल रंग म्हणतो, तो पाकळ्यांचा नसतो. ती रंगीत नळी म्हणजे निदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण. पाकळ्या सहा, पण इतक्या लहान की शोधाव्या लागतात. नळीतून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. संस्कृतात हिला अग्निज्वाला असेही नाव आहे, आणि फुललेली फांदी पाहिली की ते का दिले असेल हे कळते.

नळीच्या तळाशी मध असतो. तो घ्यायला शिंजीर पक्षी आणि मधमाश्या येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. पाकळ्या गळून जातात, पण लाल नळी फांदीवरच राहते आणि तिच्या आत लहानसे बोंड पिकते. त्यात पुष्कळ बारीक बिया असतात.

कड्यावर ती टिकते कशी?

आता क्रमाने पाहू.

एक, बी बारीक असते. मोठे, जड बी उभ्या भिंतीवरून घरंगळून पायथ्याशी जाते. बारीक बी भेगेतल्या चिमूटभर धुळीत अडकून राहू शकते. पहिल्या पावसात तिथेच रुजते.

दोन, मूळ पाण्याच्या मागे जाते. दगडाचा पृष्ठभाग तापला तरी भेगेच्या आत ऊन पोहोचत नाही. तिथे बाष्पीभवन कमी, गारवा जास्त. पावसाचे उरलेले पाणी भेगेतल्या मातीत बरेच दिवस टिकते. मूळ श्वसन करते, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मुळांतून सौम्य आम्लेही स्रवतात. पावसाचे पाणी जे बाहेरून करते, तेच मूळ आतून करते. भेगेच्या कडा किंचित विरघळतात, वाट थोडी रुंदावते, आणि कुलूपबंद लोह-स्फुरदाचाही काही अंश मोकळा होतो.

तीन, खर्च बेताचा असतो. पानाखालच्या लवेमुळे पानाजवळची हवा स्थिर राहते आणि पाणी कमी उडते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाने कमी होतात, म्हणजे पाण्याची मागणीच घटते.

चार, सगळे एका खोडावर अवलंबून नसते. वरून दगड पडून एखादी फांदी मोडली, कोणी सरपणाला तोडली, तरी बुंध्यातून नवे धुमारे फुटतात.

पाच, कड्यावर स्पर्धा नसते. खालच्या चांगल्या जमिनीत उंच झाडे सावली धरतात आणि धायटीला सावली मानवत नाही. गुरे, कुऱ्हाड आणि वणवा यांचाही कड्यावर उपद्रव कमी. जी जागा इतरांना नको, ती हिला पुरते.

आणि एकदा झुडूप उभे राहिले की त्याच्या बुंध्याशी वाहती धूळ, पालापाचोळा अडकू लागतो. चार-दोन मुठी माती जमते. तीत गवत येते. गवतामागून दुसरी झुडपे, मग झाडे. उघड्या दगडावर जंगल परत येते ते या क्रमाने. थेट साग वा आंबा लावून ते येत नाही.

खाण आणि सैनिक

हा क्रम ठाऊक असणे का महत्त्वाचे आहे? कारण चुनखडी आपल्याला हवी आहे आणि यापुढेही लागणार आहे. सिमेंटचा मुख्य कच्चा माल तीच. बलौदाबाजार भागातले, तसेच आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर-आवारपूर भागातले सिमेंट कारखाने चुनखडीच्या पट्ट्यावरच उभे आहेत. पोलाद करतानाही लोहखनिजातली घाण मळीच्या रूपाने वेगळी काढायला चुनखडी लागते. भिलाई पोलाद कारखान्यासाठी ती नंदिनीच्या खाणीतून येते. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचे पोलाद पुरवणाऱ्या कारखान्यांत भिलाईही होता. तेव्हा खाणी नकोतच असे म्हणून भागत नाही. दगड काढून झाल्यावर उरलेल्या जखमेचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर सैनिकांनी दिलेले आहे. डेहराडून-मसुरीच्या डोंगरांत चुनखडीच्या खाणींनी उतार उघडे पडले होते. पावसाळ्यात दगडगोटे खाली येत, शेते गाडली जात, झरे आटत. तिथे १ डिसेंबर १९८२ रोजी प्रादेशिक सेनेची १२७ इन्फंट्री बटालियन (पर्यावरण), गढवाल रायफल्स, उभारण्यात आली. देशातली ही पहिली पर्यावरण बटालियन. तिच्यात भरती झाले ते प्रामुख्याने त्याच भागातले निवृत्त सैनिक. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही या भागातल्या खाणींच्या खटल्यात लक्ष घातले आणि १९८५ मध्ये अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरणाच्या प्रश्नावरचा हा आपल्या देशातला एक आरंभीचा महत्त्वाचा खटला मानला जातो.

डेहराडूनजवळच सहस्रधारा इथल्या सुमारे ६४ हेक्टर खाणक्षेत्रावर केंद्रीय मृद् व जलसंधारण संशोधन संस्थेने १९८४ पासून दहा वर्षे काम केले. आधी ओहोळांत बांध घालून दगड-माती अडवली, उतार स्थिर केले, मग गवत आणि निर्गुडीसारखी काटक झुडपे लावली आणि झाडेही वाढवली. कामाच्या आधी तिथून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ५५० टन दगड-माती वाहून जात होती. नंतर ती सुमारे ८ टनांवर आली. हिरवे आच्छादन १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले.

महाराष्ट्रातही अशी बटालियन आहे. १३६ इन्फंट्री बटालियन (प्रादेशिक सेना) पर्यावरण, महार, ही मराठवाड्यातल्या वनीकरणासाठी २०१७ मध्ये छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबाद इथे उभी राहिली. गणवेशातल्या माणसाचे काम सीमेवरच असते असे नाही, हे कॅडेटने लक्षात ठेवावे.

फूल, औषध आणि वेचणारे हात

धायटीच्या फुलांना बाजारात मागणी आहे. आयुर्वेदातली अशोकारिष्ट, कुटजारिष्ट यांसारखी औषधे काढा आंबवून तयार करतात. त्यात धायटीची वाळलेली फुले घालतात. फुलांतल्या मधाबरोबर नैसर्गिक यीस्ट असते. ते गुळातल्या साखरेचे अल्प प्रमाणात मद्यार्कात रूपांतर करते, आणि त्यामुळे औषध टिकते. फुलांपासून लाल रंगही काढतात. आपल्या घरच्या कपाटातल्या अरिष्टाच्या बाटलीवर घटकांची यादी असते. तीत ‘धातकी’ हा शब्द शोधून पाहा.

ही फुले बहुतांशी जंगलातून वेचली जातात. छत्तीसगडच्या वनभागात धवई फूल हे गौण वनोपज आहे. केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत त्याचा समावेश आहे. होळीच्या आगेमागे शेतात काम नसते, तेव्हा आदिवासी कुटुंबांना यातून चार पैसे मिळतात. पण बी तयार होते ते त्या लाल नळीच्या आतच. सगळा फुलोरा ओरबाडला तर त्या वर्षी बी नाही. फांद्याच तोडून खाली आणल्या तर पुढच्या हंगामाचा फुलोराही कमी. म्हणून प्रत्येक झुडपावर काही फुले राखून वेचणे हे झुडपाच्याही हिताचे आणि वेचणाऱ्याच्याही.

कॅडेटसाठी चार सूचना

पहिली: दगड ओळखायला शिका. सुटा खडा घ्या, त्यावर लिंबाच्या रसाचे काही थेंब टाका आणि जवळून पाहा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. बेसाल्टवर बुडबुडे येत नाहीत.

दुसरी: गडावर वा कड्यावर चढताना झुडपाला धरून अंग झोकू नका. ते वर्षानुवर्षे तिथे उभे आहे म्हणजे तुमचे वजन पेलेल असे नाही. त्याच्या मुळांनीच भेग रुंदावलेली असते आणि भोवतीचा दगड सुटा असू शकतो. तीन आधार खडकावर पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, हा प्रस्तरारोहणाचा नियम इथेही लागू आहे.

तिसरी: बंद पडलेल्या खाणीत उतरू नका. काठ ठिसूळ असतो, साचलेले पाणी वरून शांत दिसले तरी काठापासूनच एकदम खोल असते, आणि उभ्या भिंतीमुळे बाहेर पडायला पायरी मिळत नाही. निरीक्षण काठापासून दूर राहून, दुर्बिणीने आणि शिक्षकांच्या सोबतीने करावे. पालकांनीही सुट्टीत मुलांना हे बजावून सांगावे.

चौथी: शाळेच्या आवारात मुरमाड, उतरती, काहीच उगवत नाही म्हणून सोडून दिलेली जागा असेल, तर वृक्षारोपणाच्या दिवशी तिथे एकदम मोठी रोपे लावू नका. आधी पाणी अडवा, गवत येऊ द्या, मग धायटी, निर्गुडी यांसारखी इथलीच झुडपे लावा. धायटीचे बी एप्रिलच्या सुमारास पिकते. वाळलेली बोंडे हाताने चुरून ते काढता येते. बी फार बारीक असल्याने वाळूत मिसळून पसरट कुंडीत पेरावे, वर मातीचा जाड थर देऊ नये आणि पाणी झारीने हलके शिंपडावे. रोपे वीतभर झाली की पावसाळ्यात जागेवर न्यावीत. त्यानंतर दर महिन्याला किती रोपे जगली याची नोंद एका वहीत ठेवावी. लावलेल्या रोपांच्या संख्येपेक्षा दोन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या रोपांची संख्या महत्त्वाची. ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.